तिकीट काढून घेतलेलं भय

‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी पहिल्यांदा लागला तेव्हा बऱ्याच जणांना तो थिएटरातून उतरल्यावरच कळला. राही अनिल बर्वे यांनी वर्षानुवर्षं डोक्यात बाळगलेला, खऱ्या पावसाची वाट बघत चित्रित झालेला हा सिनेमा. व्हेनिस महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली, पुढे छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी यांची फिल्मफेअर पारितोषिकंही मिळाली. पण तिकीटबारीवर कमाई बेताचीच राहिली. मग तो ओटीटीवर आला आणि खरी गंमत तिथून पुढे सुरू झाली. कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसात डबे उघडताना, चुलतभावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न: ‘अजून तुंबाड पाहिला नाहीस?’ सोबत सूचना ठरलेल्या. रात्री बघ. एकट्याने बघ. हेडफोन लावून बघ. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या खेपेची सगळी कमाई त्याने मागे टाकली. हे काम जाहिरातीचं नव्हतं, चाहत्यांच्या तोंडाचं होतं.

या शिफारशींबरोबर एक भांडणही चालत आलं आहे. एक पक्ष म्हणतो, भारतात असा हॉरर झालाच नाही. दुसरा म्हणतो, सिनेमा झकास आहे, पण भीती कुठे वाटते? एकदाही दचकलो नाही. त्यावर पहिला पक्ष वैतागून सांगतो, की दचकणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. वाद ‘तुंबाड’पुरता नाही. अमेरिकेत २०१८ मध्येच आलेल्या अ‍ॅरी अ‍ॅस्टरच्या ‘हेरेडिटरी’ला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, आणि पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांना थिएटराच्या दारात गाठून मत विचारणाऱ्या ‘सिनेमास्कोर’ने त्याला ‘डी प्लस’ दिलं. म्हणजे काठावरसुद्धा पास नाही. तीच माणसं, तोच पडदा, तोच अंधार. आणि भीती म्हणजे काय यावर एकमत नाही.

वरवर हा आवडीनिवडीचा मामला वाटतो. पण थोडं खरवडलं की खाली एक जुना धर्मप्रश्न लागतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी आहे आणि तिच्यात पहिला मान अभयाला आहे. दान, दम, अहिंसा, सत्य हे सगळे त्याच्या मागून येतात. ज्ञानेश्वरीनेही निरूपणाची सुरुवात तिथूनच केली. महाराष्ट्रातल्या घरांत दिवेलागणीला रामरक्षा म्हटली गेली, समर्थ रामदासांचं मारुतिस्तोत्र पोरांकडून घोकून घेतलं गेलं, आणि त्या स्तोत्राच्या फळांत भुताखेतांचा बंदोबस्तही आला. निर्भय व्हावं, अशीच सगळी शिकवण. अशा घरातला मुलगा शुक्रवारी रात्री पदरचे पैसे मोजून भीती विकत घेतो, दोन तास खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसतो आणि बाहेर पडताना ‘पैसा वसूल’ म्हणतो. हा अभयाशी द्रोह म्हणायचा, की अभयाचा सराव?

आपल्याकडच्या शास्त्रकारांना यात द्रोह दिसला नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात आठ रस सांगितले, त्यांत भयानकाला शृंगार आणि वीर यांच्या पंगतीत बसवलं. त्याचा रंग काळा, देवता काल. हा रस कशाने जागा होतो त्याची यादीही भरत देतो: विचित्र आवाज, भूतपिशाचाचं दर्शन, कोल्ह्याघुबडांची धास्ती, ओसाड घर, अरण्य. अंगावर काय उमटतं तेही सांगतो: हातपाय कापणं, डोळे भिरभिरणं, रोमांच, चेहऱ्याचा रंग उडणं, आवाज फुटणं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची ही यादी आज एखाद्या भयपटाच्या पटकथाकाराच्या टेबलावर ठेवली तर त्याला वेगळं संशोधन करावं लागणार नाही. राहुल सदाशिवनने २०२४ मध्ये मामुट्टीला घेऊन केलेला ‘ब्रमयुगम’ पाहावा. ओसाड वाडा, अरण्य, पाऊस, रात्रीचे आवाज, आणि अख्खा चित्रपट कृष्णधवल. भरताचा काळा रंग इतक्या इमानाने क्वचितच कुणी वापरला असेल.

या यादीपेक्षा महत्त्वाची भरताची दोन निरीक्षणं आहेत. पहिलं, भयानक हा मूळ रस नाही, तो बीभत्सातून निघतो. नोएल कॅरल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९९० मध्ये ‘द फिलॉसॉफी ऑफ हॉरर’ हा ग्रंथ लिहिला, त्याचा गाभा जवळजवळ हाच: हॉररमधला राक्षस नुसता धोकादायक असून भागत नाही, तो किळसवाणाही लागतो. वाघ धोकादायक असतो, पण वाघाचा सिनेमा साहसपट होतो. अंगातून झाड फुटलेली, कुजूनही न मरणारी म्हातारी ‘तुंबाड’मध्ये दिसते, तिथे साहस संपतं.

दुसरं निरीक्षण अधिक खोल आहे. भरत भयानकाचे तीन प्रकार करतो: सोंगाने आलेला, अपराधातून आलेला आणि कुणी धाक दाखवल्याने आलेला. यांतला मधला बाजूला काढून ठेवावा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आधी एक कोडं. पडद्यावरचं भूत खोटं आहे हे तिसरीतल्या मुलालाही ठाऊक असतं. मेकअपला किती तास लागले त्याचे व्हिडिओ उपलब्ध असतात. मग अंग का शहारतं? अद्वैताच्या शाळेतला विद्यार्थी इथे अडखळेल, कारण तिथला पहिलाच धडा दोरी आणि साप यांचा: अंधारात दोरीवर साप भासला, भीती वाटली, दिवा आणला, दोरी कळली, भीती गेली. सिनेमात मात्र दोरी ही दोरीच आहे हे कळून, शिवाय तिचं भाडं भरूनही माणूस घाबरतो. केंडल वॉल्टन या तत्त्वज्ञाने १९७८ च्या एका निबंधात हाच पेच मांडला. त्याचा चार्ल्स नावाचा काल्पनिक प्रेक्षक पडद्यावरून अंगावर येणारा हिरवा चिखल पाहून किंचाळतो, पण उठून पळत नाही, पोलिसांना फोन करत नाही. वॉल्टनचं म्हणणं, ही खरी भीती नव्हेच, भीतीचा खेळ आहे.

काश्मिरात, दहाव्या-अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर, अभिनवगुप्ताने यापेक्षा चांगलं उत्तर देऊन ठेवलं आहे. ‘शाकुंतला’त दुष्यंताच्या बाणापुढे जीव घेऊन धावणारं हरीण आहे. ते पाहताना प्रेक्षकाला जे जाणवतं ते कुणाचं भय? हरीण तर कवीने कल्पिलेलं. दुष्यंत रंगमंचावरचा नट. प्रेक्षक स्वतः सुरक्षित. अभिनवगुप्त म्हणतो, त्या क्षणी ‘मी घाबरलो’, ‘तो घाबरला’, ‘हा माझा शत्रू’ ही सगळी नावंगावं गळून पडतात आणि उरतं ते नुसतं भय, काळाच्या आणि जागेच्या खुंटीला न बांधलेलं. ते थेट हृदयात शिरतं. म्हणून ते खोटं नाही, वॉल्टनचा खेळही नाही. ते खरं भय आहे, फक्त त्यातला ‘मी’ काढून घेतलेला आहे. ‘मी’ गेला की भयाचा दाह जातो आणि चव राहते.

डेन्मार्कमध्ये आर्हुस विद्यापीठातले संशोधक गंमत म्हणून अनुभवल्या जाणाऱ्या भीतीचा अभ्यास करतात. त्यांनी एका बंद पडलेल्या मासळी कारखान्यात भरणाऱ्या भूतघरात ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून सोडलं. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: भीती फार कमी असली तर मजा नाही, फार जास्त झाली तरी नाही, मजा मधल्या पट्ट्यात. अभिनवगुप्ताच्या भाषेत सांगायचं तर ‘मी’ पुन्हा आत घुसला की रस आटला. हॉररचे चाहते महासाथीच्या सुरुवातीच्या काळात मनाने जरा अधिक टिकून राहिले, असं सांगणारा एक अभ्यासही २०२१ मध्ये आला आणि चाहत्यांनी तो प्रमाणपत्रासारखा मिरवला. त्यावर फार भार टाकू नये. मुळात धीट माणसंच हॉररकडे जात असतील, हे सोपं उत्तर त्यात शिल्लक राहतंच.

भीतीला मुद्दाम सामोरं जाण्याची एक याहून कठोर वाटही या भूमीत होऊन गेली आहे. पाली त्रिपिटकाच्या मज्झिमनिकायातल्या चौथ्या सुत्ताचं नावच ‘भयभेरव’. श्रावस्तीच्या जेतवनात जाणुस्सोणी नावाचा ब्राह्मण बुद्धाला म्हणतो, अरण्यात एकट्याने राहणं फार अवघड. बुद्ध त्याला बोधिप्राप्तीच्या आधीच्या दिवसांची हकिकत सांगतो. पंधरवड्याच्या अष्टमीला, चतुर्दशीला, पौर्णिमा-अमावस्येला तो मुद्दाम अशा जागी जाऊन राही, जिथे जाण्याच्या नुसत्या विचाराने केस उभे राहावेत: रानातली देवस्थानं, झाडाखालची चैत्यं. रात्री एखादं हरीण जवळ येई, मोरामुळे वाळकी काटकी मोडून पडे, पानांतून वारा जाई, आणि मनात येई, हेच ते भय येत आहे का? मग त्याने ठरवलं, की भय येईल तेव्हा ज्या स्थितीत असू ती बदलायची नाही. चालताना आलं तर चालतच राहायचं, थांबायचं नाही, बसायचं नाही. बसलेलं असताना आलं तर उठायचं नाही. भय ओसरेपर्यंत तसंच.

काटकी मोडल्याच्या आवाजावर हॉररचे दिग्दर्शक आजही जगतात. पण सुत्ताचा पूर्वार्ध चाहत्यांच्या जास्त कामाचा आहे. बुद्ध तिथे विचारतो, की काही साधकांना अरण्यात भय का वाटतं? ज्यांचं आचरण मलिन आहे, ज्यांच्या मनात लोभ आहे, द्वेष आहे, ते आपल्याच दोषांमुळे भयाला बोलावून घेतात. अरण्य सगळ्यांना तेच असतं. भरताने अपराधातून आलेलं भय वेगळं काढलं, त्याच्याशी हे किती जुळतं पाहा.

आता पुन्हा ‘तुंबाड’. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं.) पूर्तीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर सोन्याच्या आणि धान्याच्या लोभाने सगळ्या देवांचा रोष ओढवून घेतो. आई त्याला पोटात लपवून वाचवते, अट एकच: त्याची पूजा कुणी करायची नाही. नारायण धारपांच्या भयकथांवर पोसलेल्या मराठी वाचकाला या दंतकथेचा वास लगेच ओळखू येतो. सिनेमाचा नायक विनायक हस्तर या शापित देवाच्या गर्भगृहात उतरतो. हातात कणकेची बाहुली. भोवती पिठाचं रिंगण. हस्तर जन्माचा भुकेला, धान्य त्याला कधी मिळालेलंच नाही. तो बाहुलीवर तुटून पडतो आणि तेवढ्या क्षणात विनायक त्याच्या लंगोटातून मूठभर मोहरा उपसतो. दर खेपेला मूठभरच. मग पुन्हा पुण्याहून तुंबाड, पुन्हा पाऊस, पुन्हा विहीर. पुढे तो आपल्या मुलालाही या धंद्याची तालीम देतो. सिनेमातली सगळ्यात भयंकर गोष्ट तांबड्या कातडीचा हस्तर नाही. एक बाप पोराला मोहरा कशा हिसकायच्या ते शिकवतो आहे आणि पोरगा बापाच्याही पुढे जाऊन विचारतो, एकदाच अख्खा लंगोट का आणायचा नाही, ही ती गोष्ट. ‘भीती कुठे वाटते?’ म्हणणारा पक्ष हस्तरकडे बघत बसला. भीती लंगोटाच्या प्रश्नात होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हॉरर पाहणारा प्रत्येक जण काही अपराधाचं चिंतन करायला जात नाही. त्याला त्या पलीकडच्या, अज्ञाताच्या स्पर्शाची ओढ असते. जर्मन धर्मचिंतक रुडॉल्फ ओटो याने १९१७ च्या ‘दास हायलिगे’ या ग्रंथात पवित्राचा अनुभव असाच वर्णिला: थरकाप उडवणारा आणि त्याच वेळी खेचून घेणारा. भुताची भीती ही त्याच अनुभवाची बाळबोध पायरी, असं तो मानतो. आणि पुरावा म्हणून तो गीतेचा अकरावा अध्याय पुढे करतो. अर्जुनाने स्वतः होऊन विश्वरूप मागितलं. दिसलं तेव्हा त्यात दाढा होत्या आणि त्यांत चिरडलेली डोकी. मग तोच हात जोडून विनवू लागला, पुरे, तुझं नेहमीचं रूप दाखव. हॉररचा पहिलाच शो पाहणाऱ्याची अवस्था याहून फार वेगळी नसते. सिंधुदुर्गात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. भुतांचा राजा मानला जाणारा वेताळ तिथे गावाचा राखणदार झाला आहे. भाविक त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा, कारण देव रात्री गावाच्या हद्दीतून फिरतो आणि वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. लेखक जयवंत दळवींचं हे गाव. ज्याची भीती वाटायची त्यालाच वहाणा घालून पहाऱ्यावर उभं करणाऱ्या कोकणी माणसाला भय आणि भक्ती यांचं नातं समजावून सांगण्याची गरज नाही.

विल्यम पीटर ब्लॅटीलाही ते ठाऊक होतं. १९४९ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या एका मुलावर झालेल्या भूतोत्सारणाची बातमी त्याने जॉर्जटाऊन विद्यापीठात शिकताना वाचली, पुढे त्यावरून कादंबरी लिहिली, आणि १९७३ मध्ये विल्यम फ्रीडकिनने ‘द एक्झॉर्सिस्ट’ केला. ब्लॅटी सश्रद्ध कॅथॉलिक होता. सैतान आहे असं पटलं तर देवही पटेल, असा त्याचा हिशेब. चित्रपटातल्या भूमिकांत खरे जेझुइट धर्मगुरू दिसतात. पण पन्नास वर्षांनंतर तो चित्रपट टिकला आहे तो सैतानामुळे नाही. आई एकटी न्यूयॉर्कमध्ये वारली आणि आपण जवळ नव्हतो, या खंतीने पोखरलेल्या फादर कॅरसमुळे टिकला आहे. सैतान त्याला आईच्याच आवाजात छळतो. म्हणजे इथेही शेवटी अपराधच.

केरळात १९९३ मध्ये आलेला फाझिलचा ‘मणिचित्रताळ’, ज्याचा हिंदी अवतार म्हणजे ‘भूलभुलैया’, श्रद्धेच्या प्रश्नाला आणखी खोडकर उत्तर देतो. वाड्यातल्या बाईच्या अंगात कोण आलं आहे? मानसोपचारतज्ज्ञ सांगतो, कुणीच नाही, मन दुभंगलं आहे. पण उपचार करतो तो मांत्रिकाला हाताशी धरून, विधीचं नाटक रचून. विज्ञान जिंकलं की मंत्र, यावर मल्याळी चाहते आजही भांडतात. शोभनाला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, यावर मात्र कुणाचं भांडण नाही.

हे सगळं ठीक. गाडी घसरते ती एका पाटीमुळे. चित्रपट सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात: सत्य घटनेवर आधारित. अभिनवगुप्ताने जो ‘मी’ मोठ्या कष्टाने बाहेर काढला होता, त्याला ही पाटी मागच्या दाराने आत घेते. हे कुठल्याशा घरात घडलं, म्हणजे तुझ्याही घरात घडेल. न्यूयॉर्कजवळच्या अ‍ॅमिटीव्हिल गावात नोव्हेंबर १९७४ मध्ये एका तरुणाने आपल्या घरातल्या सहा जणांना झोपेत गोळ्या घातल्या, हे सत्य. वर्षभराने तिथे राहायला आलेलं कुटुंब २८ दिवसांत घर सोडून गेलं, हेही सत्य. त्यानंतर भुतांची कथा बाजारात आली, १९७७ मध्ये पुस्तक आणि १९७९ मध्ये चित्रपट. पुढे त्या खुन्याच्याच वकिलाने जाहीरपणे सांगितलं, की ही कथा आम्ही वाइनच्या बाटल्या रिचवत बसून रचली. सहा खऱ्या मृतांची आठवण मागे पडली आणि भिंतीतून पाझरणारा चिखल लोकांच्या लक्षात राहिला. ‘द कॉन्ज्युरिंग’ २०१३ मध्ये आला तेव्हा ऱ्होड आयलंडमधल्या मूळ घरात तेव्हा राहणाऱ्या मालकांच्या अंगणात रात्रीबेरात्री चाहते घुसू लागले. २०१५ मध्ये त्यांना निर्मात्या कंपनीवर दावा लावावा लागला. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने १९९९ मध्ये कलाकार खरोखर बेपत्ता असल्याची पत्रकं वाटली. धंद्याच्या हिशेबाने ती चाल अफाट यशस्वी झाली. अगदी थोडक्या पैशांत उरकलेल्या चित्रपटाने जगभरात चोवीस कोटींहून अधिक डॉलर कमावले. पण त्यातल्या नटीच्या आईला लोकांची सांत्वनपत्रं येऊ लागली, तेव्हा हा खेळ कुणाच्या जिवावर चालला होता ते उघड झालं.

महाराष्ट्रात या पाटीचा परिणाम अमेरिकेपेक्षा महाग पडतो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या बहाण्याने केल्या जाणाऱ्या गोष्टींची आहे: दोरखंडाने किंवा साखळीने बांधणं, काठीने, चाबकाने मारणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस उपटणं, चटके देणं. कायद्यात ही यादी करावी लागली, यातच सगळं आलं. रामसे बंधूंच्या सिनेमात शेवटी त्रिशूळ कामी येतो आणि प्रेक्षक शिट्ट्या मारत घरी जातात, त्याने कुणाचं बिघडत नाही, कारण त्याला कुणी सत्य म्हणत नाही. पण आजारी सुनेला मिरचीची धुरी देणाऱ्या घरातलं भय रस नव्हे. तिथे ‘मी’ आहे, अंग आहे, डोळ्यांची आग आहे. भूतपट पाहणं म्हणजे अंधश्रद्धा, असा सरसकट आरोप करणारे हा फरक विसरतात. आणि ‘असं असतंच हो’ म्हणत सिनेमाचा दाखला देणारे तर तो मुळीच मानत नाहीत.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) हा फरक नेमका ओळखतो. गरोदर नेहा नवऱ्याबरोबर उसाच्या फडातल्या एकाकी घरात येते. पूजा सावंत नेहा झाली आहे, घरातली बाई उषा नाईक. ऊस डोक्याच्या वर गेलेला, चारी बाजूंनी सारखाच, दिवसाढवळ्या वाट चुकावी असा. ओसाड घर आणि अरण्य हे भरताचं सामान, पण अरण्याच्या जागी पश्चिम महाराष्ट्र किंवा मराठवाडा ओळखता येईल असं नगदी पीक. मुलांचे आवाज येतात. रहस्य उलगडतं तेव्हा तिथे भुतापेक्षा जुना गुन्हा निघतो: मुलगी नको म्हणून केलेल्या हत्या. चित्रपटावर सत्य घटनेची पाटी मारायचीही गरज नव्हती. ती पाटी जनगणनेने आधीच मारून ठेवली होती. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ राहिल्या. ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीडमध्ये ८०७. थिएटराबाहेर सोबत काय न्यावं, याचं हे बरोबर उत्तर आहे. भूत आत सोडून यावं, गुन्हा घरी न्यावा.

मग शिफारस कशी करावी? भरताने नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रेक्षकांचे स्वभाव सांगितले आहेत: तरुणांना शृंगार रुचतो, विरक्तांना मोक्षाची गोष्ट, शूरांना बीभत्स आणि रौद्र, म्हाताऱ्यांना पुराणकथा. (बायका, मुलं आणि अडाणी यांना त्याने हास्याच्या एकाच टोपलीत टाकलं आहे, ते त्याच्यापाशीच राहू द्यावं.) अभिनवगुप्त त्यात एक भर घालतो. रसात येणाऱ्या विघ्नांत तो प्रेक्षकाचं स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेलं असणंही धरतो. हॉररच्या चाहत्यांनी हे विघ्न तरी पाठ करावं. ‘तुला झोप लागणार नाही’ अशी पैज लावून सिनेमा गळ्यात मारण्याची जी रीत पडली आहे, तिच्यात समोरचा माणूस कोणत्या दिवसांतून जातो आहे याची विचारपूस नसते.

ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे त्याला ‘हेरेडिटरी’ सुचवू नये. तो एका अंत्यसंस्काराने सुरू होतो आणि पुढे जे होतं ते इथे सांगणं म्हणजे स्पॉयलर. घरात मनाच्या आजाराशी झुंजणारं कुणी असेल तर राहुल सदाशिवनचाच ‘भूतकालम’ (२०२२) आधी स्वतः पाहून मग ठरवावं. आई आणि मुलगा यांच्यातली घुसमट रेवतीने त्यात इतकी खरी केली आहे, की भूत उशिरा आलं तरी चालतं. नुसतं दचकायचं असेल तर ‘द कॉन्ज्युरिंग’ भरल्या थिएटरात मित्रांच्या घोळक्यात उत्तम आहे. सुरुवातीची पाटी तेवढी मनावर घेऊ नये. आणि मराठी माणसाने मराठी माणसाला एकच भयपट सुचवायचा झाला तर ‘लपाछपी’ सुचवावा, गरोदर मैत्रिणीला सोडून. २०२१ चा ‘छोरी’ हा त्याचाच हिंदी अवतार आहे, दिग्दर्शकही तेच. ‘छोरी’ आधी पाहिला असला तरी मूळ मराठी जरूर पाहावा.